तारागोनातलं बोलावणं

मॅडमनी हात वर केला तेव्हा मी तिसऱ्या नावावर होतो. तुळजापूरच्या आईला बोलावून झालं होतं, माहूरच्या आईला झालं होतं, कोल्हापूरची तोंडात होती. ज्योतिरामने संबळ थांबवला. गेणूचं तुणतुणं आणखी थोडा वेळ वाजत राहिलं, कारण गेणू डोळे मिटून वाजवतो.

"अंबादासकाका, हे बोलावणं इथे नको," साळवी मॅडम म्हणाल्या. "पेटलेली दिवटी घेऊन या आणि थेट नाचाला सुरुवात करा. आपल्याला सात मिनिटं दिली आहेत. ती नावं घेण्यातच गेली, तर लोकांनी बघायचं काय?"

"नाचच बघतील की. आधी बोलावणं, मग नाच."

"त्यांना कळणार आहे का तुळजापूर कुठलं आणि माहूर कुठलं?"

"त्यांना नाही बोलवत मॅडम. आईला बोलवतो."

लेझीमवाली पोरं सावलीला बसली होती, ती हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या सरकारी खात्यातून आमच्याबरोबर आलेल्या, पण वाईट बाई नव्हत्या. आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट त्यांनी खेटे घालून काढले होते, विमानात गेणूला उलट्या झाल्या तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. पण देशोदेशींच्या त्या मेळ्यात आपलं पथक वेळेत बसवायचं काम त्यांच्या गळ्यात होतं आणि ते त्या चोख करणार होत्या.

"आमच्या घरीही गोंधळ असतो, काका. मला शिकवू नका."

"मग तुम्हाला ठाऊकच आहे."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे. नुसता नाच करणार असाल तर तुम्ही उभे राहा. नाहीतर तुमची वेळ मी लेझीमला देते. उद्या सकाळी मला सांगा."

आम्ही उभे होतो ते तारागोना गावच्या गोल आखाड्यात. स्पेन देशात, समुद्राच्या काठाला हे गाव आहे. रोमन लोकांचं तिथं मोठं ठाणं होतं, त्यांनी हा आखाडा बांधला. एका अंगाच्या पायऱ्या डोंगराच्या उतारातच खोदलेल्या, दुसरं अंग ढासळलेलं, आणि ढासळलेल्या बाजूने समुद्र दिसतो. समुद्राच्या अलीकडून रेल्वे जाते. मधल्या मैदानात माणसं एकमेकांशी आणि जनावरांशी झुंजायची, मरायची, आणि पायऱ्यांवर बसून गाव बघायचं. हे मॅडमनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ऐकल्यापासून त्या मातीवर चप्पल घालून उभं राहायला मला बरं वाटेना. मी चपला काढून ठेवायचो.

आम्ही परंड्याकडचे गोंधळी. घरात लग्न झालं, की त्या घराने आईचा गोंधळ घालायचा आणि आम्ही तो उभा करायचा, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात दिवटी. मी पुढे गाणारा. ज्योतिराम माझ्या बायकोचा भाऊ, तो संबळ वाजवतो. गेणू चुलतभाऊ, तो तुणतुण्यावर. नाच, गाणं, कथा हे सगळं नंतरचं. आधी आईला बोलवायचं. तुळजापूरहून सुरू करायचं, ठाण्याठाण्याची आई बोलवत यायचं, आणि शेवटी ज्या गावच्या मातीवर आपण उभे आहोत त्या गावच्या आईला बोलवायचं. ती आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

माझ्या वडिलांनी गळ्यातली माळ माझ्या गळ्यात घातली तेव्हा एवढंच सांगितलं होतं. न बोलावता नाचलास तर ते अंग हलवणं झालं, ते कुणीही हलवतं.

हल्ली लग्नघरी विचारतात, जरा आटोपशीर होईल का, व्हिडिओपुरतं एक गाणं म्हणाल का. मी नाही म्हणतो. त्यापायी आमची कितीतरी घरं सुटली. तिथं आता मोठे कर्णे लावून पोरं नाचतात. जी घरं उरली, ती मात्र बोलावण्यासकट उरली. तेव्हा मॅडमला काय सांगायचं याचा मला काही पेच नव्हता. पेच वेगळाच होता आणि तो मी कुणाला बोललो नव्हतो. तुळजापूरपासून शेवटपर्यंत सगळी नावं मला पाठ होती. पण या गावची आई कोण, ते मला माहीत नव्हतं. उद्या मॅडमनी स्वतः हात धरून सांगितलं असतं, की बोलवा पाहिजे तितक्यांना, तरी शेवटच्या नावाला मी मुका झालो असतो.

संध्याकाळी आम्ही तिघं ती शोधायला निघालो. म्हणजे मी शोधायला निघालो, ते दोघं सोबत आले.

गाव जुनं, चढावर वसलेलं. भोवती रोमन तटाची भिंत. तळाचे दगड असे की एकेक दगड आमच्या देवळाच्या ओट्याएवढा. वर घरं, घरांच्या सज्जांतून वाळत घातलेले कपडे. कुठं एखाद्या दुकानाच्या आतच रोमन कमान निघालेली आणि तिच्याखाली माणसं बसून कॉफी पिताहेत. समुद्रावर एक मोठा सज्जा आहे, त्याला लोखंडी कठडा. लोक येत होते, समुद्राकडे बघत होते, कठड्याला हात लावून जात होते. गेणूने तेही केलं आणि हात कपाळाला लावला.

ज्योतिराम वाटभर मला समजावत होता. "दाजी, एवढ्या लांब आलोय. पोरीनं सगळ्या गल्लीला सांगितलंय, बाप विमानानं गेला म्हणून. आता परत जाऊन काय सांगू, मांडवात बसून आलो?"

"सांग की."

"एक दिवस नाही बोलावलं तर आई काय उपाशी राहती का? तिला ठावं हाय आपण परदेशात हाय."

"मग तिला हेही ठावं असंल, की आपल्याला कुणी अडवलं आन् आपण गुमान ऐकलं."

"तुमचं डोस्कं म्हंजी ह्यो दगुड हाय," असं म्हणून त्याने तटाच्या भिंतीवर थाप मारली. "दोन हजार वर्षं झाली, हलंना."

त्या भिंतीपासून थोडं पुढं एका चौथऱ्यावर काळपट धातूची एक मूर्ती होती. कुत्र्यासारखं जनावर, मान वळवून बघणारं, आणि त्याच्या पोटाखाली दोन उघडी बाळं आचळाला तोंड लावून. आम्ही तिघंही थांबलो. जनावराच्या रूपातली आई, पोटाशी दोन लेकरं, गावाच्या तटाजवळ जागा. आमच्याकडे गावदेवी वेशीजवळच असते. माझ्या मनात काही शंका राहिली नाही. कमरेच्या पिशवीतून हळदकुंकू काढलं, पुढं होऊन तिच्या कपाळाला लावलं, लेकरांनाही लावलं. गेणूने खाली बसून डोकं टेकवलं. ज्योतिराम म्हणाला, "हिचं नाव काय म्हणायचं?" आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

गणवेशातला एक माणूस धावत आला. तो खूप वेळ त्याच्या भाषेत बोलला. आम्ही हात जोडून उभे. बघे जमले. मग त्या गर्दीतून एक दाढीवाला मनुष्य पुढं आला, अंगात दुकानात बांधायचा एप्रन. त्याने आधी आमच्या कवड्यांच्या माळा बघितल्या, मग कुंकू बघितलं, आणि म्हणाला, "हिंदुस्तान से हो, बाबाजी?"

त्याचं नाव इक्बाल. पाकिस्तानातल्या गुजरात नावाच्या गावचा, इथं किराणा मालाचं दुकान चालवतो. गुजरात ऐकून ज्योतिराम त्याला केम छो म्हणाला. इक्बाल हसला आणि त्याने शिपायाची समजूत घातली. आपल्या एप्रनने त्या जनावराचं कपाळ पुसून दिलं. लेकरांच्या कपाळावरचं कुंकू तेवढं शिपायाला दिसलं नाही, ते राहिलं.

"बाबाजी," तो मला म्हणाला, "ये देवी नहीं है. मादा भेडिया है. रोमवाल्यांची. त्यांच्या कहाणीतली."

ज्योतिराम वाटेवर बसून हसला. पोट धरून हसला. लांडगीला कुंकू लावलं, दाजी, आता घरी गेल्यावर आक्काला सांगतो, म्हणाला. मलाही हसू आलं असतं, पण सूर्य कलला होता आणि माझं शेवटचं नाव अजून रिकामंच होतं. मी इक्बालला विचारलं. मोडक्या हिंदीत विचारलं, की गावाची राखण करणारी, गावाची मालकीण अशी कुणी इथं आहे का. रोमवाल्यांची नको. आत्ताची, जिला हे लोक नवस बोलतात ती.

त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "है ना. सांता टेकला."

दुकान त्याने शेजाऱ्याच्या भरवशावर टाकलं आणि आम्हाला पायऱ्या चढवून वर मोठ्या चर्चपाशी नेलं. आत जायची वेळ संपली होती. दाराशी पायरीवर बसून त्याने जे सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. टेकला ही दूर तुर्कस्तानाकडची, भल्या घरची मुलगी. एका साधूचा उपदेश ऐकून तिने ठरलेलं लग्न मोडलं. घरच्यांना, गावाला राग आला. तिला जिवंत जाळायला उभी केली, तर पाऊस आला आणि आग विझली. पुढे दुसऱ्या एका गावात, आम्ही दुपारी उभे होतो तसल्याच आखाड्यात तिला सोडली आणि तिच्यावर श्वापदं सोडली. त्यांत एक सिंहीण होती. ती धावत आली, आणि टेकलाच्या पायाशी बसली.

मी गेणूकडे बघितलं. गेणू माझ्याकडे बघत होता.

टेकला कधी या गावात आली नाही, इक्बाल म्हणाला. पण कित्येक शतकांपूर्वी तिचा हात इथं आणला. खराखुरा हात. तो या चर्चमध्ये आहे. दरसाल पावसाळा सरताना तिचा उत्सव असतो, तेव्हा तो हात मिरवणुकीने निघतो, रस्त्यांत आगीचे खेळ होतात, ठिणग्यांखाली पोरं नाचतात. "मैं तो मुसलमान आदमी हूं," तो म्हणाला, "पण सच बोलूं तो इस शहर की मालकिन वही है. तिच्या उत्सवात माझं दुकान तीन दिवस बंद असतं. उघडलं तरी कोण येणार?"

माहूरला रेणुकेचं फक्त मुख आहे. आम्ही वर्षानुवर्षं त्या मुखापुढे उभे राहत आलो, बाकी देह कुठं असं आम्ही कधी विचारलं नव्हतं. गेणू आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो. ते त्या आठवड्याचं त्याने तिथं बोलून टाकलं.

"मुख माहूरला," तो म्हणाला. "हात हितं."

ज्योतिराम हसायचा थांबला होता.

मी अक्षरं शिकलो ती साठी ओलांडल्यावर, आदल्याच वर्षी, नातीच्या पाटीवर. आमची सगळी नावं कानातून कानात आलेली, एकही कधी कुठं लिहावं लागलं नव्हतं. पण हे नाव नवं होतं आणि जिभेला सवय नव्हती. मी इक्बालकडून पेन घेतलं आणि डाव्या तळहातावर लिहिलं. टेकला. त्याने ते बघून विचारलं, कसं वाचायचं हे. मी वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली.

सकाळी मॅडम न्याहारीच्या टेबलावर आमची वाट बघत होत्या. लांडगीच्या कुंकवाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आयोजकांनी त्यांना बोल लावले होते, पुरातन गाव आहे, तुमच्या माणसांना आवरा म्हणून. त्यांचा चेहरा उतरलेला होता. माझ्यामुळे त्यांना ऐकून घ्यावं लागलं याचं मला वाईट वाटलं आणि तसं मी सांगितलंही.

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "नाच करणार ना? नुसता?"

"बोलावून करीन."

"काका, मी तुमच्या पाया पडू का आता?"

"नको मॅडम. मी बाजूला बसतो. तुम्हाला अडचण नको."

मला वाटलं होतं प्रकरण तिथंच मिटेल. पण ज्योतिरामने थाळी बाजूला सारली. तो मॅडमना म्हणाला, "आम्ही करतो. सात मिन्टात करतो. दाजी नुसते दिवटी धरून नाचतील, मी वाजवीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "समद्यांचं ऐकायचंच नाही, असं कुठं असतं व्हय, दाजी?"

मेहुणा आहे, चारचौघांत त्याचा शब्द मोडला असता तर घरी त्याच्या बहिणीला उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा बघून मला राग येईना. त्याला फक्त एकदा तिथं उभं राहून संबळ वाजवायचा होता. मॅडमनी मात्र माझं गप्प राहणं म्हणजे होकार धरला आणि निघून गेल्या.

संध्याकाळी पायऱ्या भरल्या. ऊन पायऱ्यांच्या वरच्या टोकाला राहिलं होतं, आखाड्यात सावली आली होती. समुद्र निळ्याचा करडा होत चालला होता. आमच्या आधी कुठल्याशा देशाच्या बायका घागरे घालून नाचून गेल्या, मग आमच्या देशाचं नाव पुकारलं. मैदानाच्या कडेला हातात घड्याळ घेऊन मॅडम. त्यांच्याजवळ एक लाल दिवा, वेळ संपली की तो पेटायचा. दुसऱ्या बाजूला टोप घातलेला आगीच्या बंबाचा माणूस, आमच्या दिवटीवर नजर ठेवून. माझ्या झग्याला गळ्याशी छोटा माईक लावला होता.

मी चपला काढल्या, दिवटी पेटवली, तेल घातलं आणि मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. ज्योतिरामने थेट नाचाचा ठेका धरला.

चांगला वाजवत होता. मी त्याचा संबळ तरुणपणापासून ऐकत आलो, इतका चांगला मी फार थोड्या वेळा ऐकला. त्या दगडांनी तो आवाज झेलला आणि परत आमच्याकडे टाकला. पायऱ्यांवरचे लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. गेणूने तुणतुणं छेडलं नाही. तो माझ्याकडे बघून उभा राहिला.

मी हललो नाही.

दिवटी धरून उभा राहिलो. बाकी काही करायचं माझ्या मनात नव्हतं. मॅडम हातवारे करत होत्या, ते मला दिसत होतं. लोकांनी आणखी काही वेळ टाळ्या वाजवल्या, मग त्या विरळ झाल्या, मग बंद पडल्या. संबळ एकटाच राहिला. एका अख्ख्या गावासमोर एक म्हातारा पेटती दिवटी घेऊन उभा आणि दुसरा म्हातारा त्याच्यासाठी नाचाचा ठेका वाजवतोय. घाम माझ्या मानेवरून आत उतरत होता. पलीकडून रेल्वे गेली, तिच्या खिडक्यांचा उजेड गेला. ज्योतिराम माझ्या समोर आला, अगदी जवळ. डोळ्यांनी मला नाच म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचे हात जड व्हायला लागले. ठेका सैल पडला, आणखी सैल पडला, आणि थांबला.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोलवा, दाजी."

मी तोंड वर केलं आणि तुळजापूरपासून सुरुवात केली. तुळजापूरच्या आई, ये. संबळाचा एक टोला. माहूरच्या आई, ये. टोला. कोल्हापूरच्या आई, ये. एकेका नावाला गेणू दिवटीवर तेलाची धार सोडत होता आणि ज्वाळ उंच होत होती. ठाणी सरत गेली. आमच्या परंड्याकडची आई झाली, तेव्हा लाल दिवा पेटला. पाठोपाठ माईकही बंद झाला. बरं झालं. त्या पायऱ्या ज्यांनी बांधल्या त्यांच्यापाशी माईक नव्हता, आणि माझ्या वडिलांपाशीही नव्हता.

मग शेवटचं नाव आलं. दिवटी उजव्या हातात घेऊन मी डावा तळहात बघितला. दिवटीचं तेल मनगटावरून ओघळून हातभर झालं होतं, अक्षरं फिसकटली होती, पहिलं तेवढं कसंबसं दिसत होतं. पण उशिरा शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं. त्याने एकदा हाताने लिहिलेलं त्याच्या डोक्यातून जात नाही.

"तारागोनाच्या टेकला आई," मी हाक दिली, "सिंहीण तुझ्या पायाशी, हात तुझा या गावी, गोंधळाला ये."

आधीची नावं त्यांना कळली नव्हती. हे कळलं. पायऱ्यांवर जी कुजबूज होती ती थांबली. एवढी माणसं एकदम गप्प झाली, की दिवटीचा फरफर आवाज मला ऐकू आला. ते रागावले की काय, मला कळेना. परक्या म्हाताऱ्याने आपल्या आईला अनोळखी भाषेत हाक मारली, तर आम्हीही आधी गप्पच होऊ. मी पुन्हा हाक दिली. या वेळी वरच्या पायऱ्यांतून एक पातळ, म्हातारा बाईचा आवाज आला. तिने फक्त नाव घेतलं. टेकला. मग आणखी कुणी घेतलं. तिसऱ्या हाकेला अर्ध्या आखाड्याने घेतलं आणि त्यात इक्बालचा एप्रन मला दिसला, तो उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता.

ज्योतिरामने असा टोला दिला की संबळ फुटेल वाटलं. मग मी पाय उचलला.

किती नाचलो ते मला सांगता येत नाही. लाल दिवा सगळा वेळ पेटलेलाच होता. शेवटी बंबाचा माणूस पुढं आला आणि त्याने हाताने दिवटीकडे खूण केली, आता पुरे. तो हसत होता, तेव्हा मी थांबलो.

कडेला आलो तर मॅडम उभ्या होत्या.

"किती वेळ घेतलात, कल्पना आहे तुम्हाला?"

"नाही मॅडम. मी अक्षरं शिकलोय, घड्याळ अजून नाही शिकलो."

त्या हसल्या नाहीत. आमच्या वेळेपायी लेझीमची वेळ निम्मी कापली गेली होती आणि ती पोरं आमच्याकडे पाठ फिरवून उभी होती. परतीच्या विमानातही ती आमच्याशी बोलली नाहीत. त्यांचा राग खरा होता, मी त्यांना एका शब्दाने दोष देत नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, की झालं ते त्या वर कळवणार आणि यापुढे आमचं नाव कुठल्या पथकात निघेल असं त्यांना वाटत नाही. मी म्हणालो, कळवा. तुमचं काम आहे ते.

त्या जायला वळल्या. चार पावलं गेल्या आणि परत आल्या. लेझीम सुरू झाली होती, त्या आवाजात त्यांना माझ्या कानाशी यावं लागलं.

"एवढ्या सगळ्यांना बोलावलंत," त्या म्हणाल्या, "आमच्या आडिवऱ्याच्या महाकालीला बोलावलं नाहीत."

त्यांचे डोळे भरलेले होते की उजेडाने चमकत होते, मला सांगता येणार नाही.

"तुम्ही वेळ कुठं दिलात, मॅडम?" मी म्हणालो.

आमचं नाव खरंच पुन्हा कुठल्या पथकात निघालं नाही. मॅडम निवृत्त होऊन कोकणात गेल्या असं कुणाकडून तरी कळलं. आमच्या भागातल्या गोंधळात मात्र तेव्हापासून कोल्हापूरच्या आईनंतर आडिवऱ्याची महाकाली येते, आणि तिच्यानंतर तारागोनाची टेकला. लग्नघरची माणसं विचारतात, ही कुठली देवी. मी सांगतो, समुद्राकाठची आहे, तिथं तिचा हात आहे. तेवढं त्यांना पुरतं. एका घरी मुलगी झाली तर त्यांनी हेच नाव ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात बार्शीच्या एका मंगल कार्यालयात गोंधळ होता. गेणू आता नाही, त्याचं तुणतुणं त्याचा मुलगा वाजवतो. दिवटी पेटवली आणि कार्यालयाचा व्यवस्थापक घाईघाईने आला. मागे दुसऱ्या लग्नाची मंडळी थांबली आहेत, बाबा, ते नावांचं राहू द्या, एक नाच करून मोकळे व्हा, म्हणाला. वधूचा बाप माझ्याकडे बघायला लागला. त्याचीही तशी हरकत दिसली नाही.

मी दिवटी धरून उभा राहिलो.

ज्योतिरामला आता नीट ऐकू येत नाही. व्यवस्थापक काय म्हणाला ते त्याला कळलंही नसेल. त्याने माझे पाय बघितले, ते हलत नव्हते. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बोलवा, दाजी."

मी तुळजापूरपासून सुरुवात केली.